पडद्यामागचा ट्रम्पेट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील सुषिर वाद्यांवरच्या लेखानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी ट्रम्पेटविषयी होती. ज्यांचे नाव कुठेही झळकत नाही, पण ज्यांचे वादन चित्रपटांत आणि पॉप गाण्यांत आपल्या कानांवर सतत पडत असते, ते सेशन वादक काम कसे करतात, त्यांना काम कसे मिळते आणि त्या वाटेला जावे की जाऊ नये, असा बहुतेक पत्रांचा रोख होता. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने ट्रम्पेट शिकत आहे. वाद्यवृंदातील कायम नोकरीपेक्षा मला स्टुडिओतील कामाची ओढ आहे. माझे शिक्षक म्हणतात की, नोटेशनचे वाचन पक्के असले की बाकी सगळे आपोआप जमते. हे खरे आहे का?

तुमच्या शिक्षकांनी सांगितलेली गोष्ट अत्यावश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. स्टुडिओत सहसा आधी कागद मिळत नाही. वादक येऊन बसतो तेव्हा स्टँडवर नोटेशन ठेवलेले असते, एकदा वाजवून पाहिले जाते आणि लगेच ध्वनिमुद्रण सुरू होते. संगीतकार, संचालक, ध्वनिमुद्रक आणि साठ-सत्तर वादक एका खोलीत असताना प्रत्येक मिनिटाचे पैसे मोजले जात असतात, आणि एकट्या ट्रम्पेटचा स्वर चुकला तरी सगळ्यांना पुन्हा वाजवावे लागते. त्यामुळे प्रथम दर्शनी वाचन इतके पक्के हवे की, वाचण्याकडे लक्षच द्यावे लागू नये आणि सगळे ध्यान नादाकडे राहावे.

खरी कसोटी यापुढे सुरू होते. सकाळी एखाद्या भव्य चित्रपटाची तुतारीसारखी खणखणीत सुरावट वाजवायची, दुपारी फंक गाण्यात कातरीने कापल्यासारखे तुटक स्वर द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या दृश्यासाठी एकाकी, किंचित कंप असलेला सोलो वाजवायचा, ही सगळी एकाच माणसाची कामे असतात. कागदावर तिन्ही ठिकाणी स्वरांची चिन्हे तीच दिसतात. स्वर किती लांबवायचा, कुठे सोडायचा, त्याची सुरुवात जिभेने कितपत टोकदार करायची आणि तालाच्या किती मागे रेलायचे, हे कागद सांगत नाही. ते कानात साठवलेले असावे लागते, आणि म्हणून अभिजात शिक्षणाच्या जोडीला जॅझ, सोल, फंक आणि लॅटिन संगीतातले ट्रम्पेटवादन तुम्ही पद्धतशीरपणे ऐकले पाहिजे, त्यातले तुकडे कानाने उचलून वाजवले पाहिजेत.

यूअन रेझी हे या बाबतीत अभ्यासण्यासारखे उदाहरण आहे. ते १९४९ पासून एमजीएम स्टुडिओच्या वाद्यवृंदाचे प्रथम ट्रम्पेटवादक होते आणि त्या काळातल्या संगीतिकांतले चमकदार, उंच पट्टीतले वादन ही त्यांची ओळख होती. त्याच माणसाने १९७४ मध्ये 'चायनाटाउन' या चित्रपटासाठी जेरी गोल्डस्मिथ यांनी रचलेला सोलो वाजवला. तो सोलो ऐकताना त्यात कसलाही दिखाऊपणा जाणवत नाही. एक थकलेला, संशयी आवाज तेवढा ऐकू येतो. गोल्डस्मिथ यांना ते संगीत जेमतेम दहा दिवसांत पुरे करावे लागले होते. इतक्या घाईत, हवा तो भाव समजावून सांगायला वेळ नसताना, तो ऐकून माहीत असलेला वादक समोर असणे याला किती मोल असेल, याचा विचार करा.

तुमच्या वयाला उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. लंडनमधल्या नामांकित स्टुडिओ ट्रम्पेटवादकांपैकी अनेकांचा पाया ब्रास बँडमध्ये, म्हणजे पितळी सुषिर वाद्यांच्या पथकात, घातला गेला. मॉरिस मर्फी हे ब्लॅक डाइक मिल्स बँडचे प्रमुख कॉर्नेटवादक होते (कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखेच एक वाद्य). १९७७ मध्ये ते लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रम्पेटवादक झाले आणि त्या पदावरचे त्यांचे पहिलेच काम होते जॉन विल्यम्स यांच्या 'स्टार वॉर्स'च्या संगीताचे ध्वनिमुद्रण. त्या चित्रपटाच्या आरंभीचा जो स्वर सगळ्या जगाच्या कानात बसला आहे, तो त्यांचा. डेरेक वॉटकिन्स हेही रेडिंगच्या ब्रास बँडमध्ये वडिलांच्या देखरेखीखाली शिकले आणि १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०१२ च्या 'स्कायफॉल'पर्यंत जेम्स बाँडच्या त्या मालिकेतील प्रत्येक चित्रपटाच्या संगीतात त्यांनी वाजवले. ब्रास बँडमध्ये तासन् तास इतरांच्या नादात नाद मिसळून वाजवावे लागते, लांब सुरावटी गाण्यासारख्या ओढाव्या लागतात आणि स्पर्धेत एकच संधी मिळते. स्टुडिओला हेच तीन गुण लागतात. तुम्हाला अशा बँडमध्ये बसण्याची संधी असेल, तर ती सोडू नका.

आता काम मिळण्याविषयी. या व्यवसायात जाहिरात येत नाही आणि चाचणीही क्वचितच होते. वादक जमवणारा एक मध्यस्थ असतो. लॉस एंजेलिसमध्ये त्याला कॉन्ट्रॅक्टर म्हणतात आणि लंडनमध्ये फिक्सर. त्याच्या यादीत नवे नाव शिरते ते बहुतेक वेळा जुन्या वादकाच्या शिफारशीने. एखादा वादक येऊ शकला नाही की, तो आपल्या जागी कोणाला तरी पाठवतो, आणि तुमची पहिली खुर्ची बहुधा अशी बदली म्हणून, तिसऱ्या किंवा चौथ्या ट्रम्पेटची असेल. त्या खुर्चीवर बसून प्रथम ट्रम्पेटवादकापेक्षा मोठ्याने वाजवणे, विश्रांतीच्या वेळी त्याच्याच उंच सुरावटी वाजवून दाखवणे किंवा ज्याच्या जागी आलो त्याचे काम परस्पर मागणे, यांतली एक जरी गोष्ट केली तरी पुन्हा फोन येत नाही. उलट शेजाऱ्याचा स्वर जिथे सुटतो तिथेच आपला सोडणारा, वेळेवर येणारा आणि पेन्सिल सोबत आणणारा मुलगा लोकांच्या लक्षात राहतो. जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी ज्यांना 'मिस्टर लीड' म्हणत, त्या वॉटकिन्स यांच्यासारखे प्रमुखपद फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण उत्तम तिसरा ट्रम्पेट वाजवणाऱ्यालाही आयुष्यभर काम मिळू शकते, आणि मला विचाराल तर तरुणांनी त्या जागेकडे अधिक आदराने पाहायला हवे.

प्रश्न : ध्वनिमुद्रणाच्या त्या दोन-तीन तासांत ट्रम्पेटवादक प्रत्यक्षात काय काय करतो, हे जरा तपशिलाने सांगाल का? आम्हा ऐकणाऱ्यांना फक्त शेवटचा परिणाम कळतो.

सेशन साधारणपणे तीन तासांचे असते. अनुभवी वादक पुरेसा आधी येऊन ओठ सैल करून घेतो आणि मग कागद चाळतो. त्याची नजर आधी सुरावटीवर जात नाही. लय कोणती, सर्वांत उंच स्वर कुठे आणि किती वेळा आहे, आणि म्यूट, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवून नाद बदलणारी वस्तू, कुठे लावायचा, या गोष्टी तो पाहतो. समजा, चाळिसाव्या मात्राखंडात (बारमध्ये) उघड्या ट्रम्पेटचा जोरकस स्वर संपतो आणि बेचाळिसाव्यात हार्मन म्यूट लावून हळुवार प्रवेश आहे. मधल्या दोन मात्राखंडांत म्यूट उचलायचा, आवाज न करता बसवायचा आणि श्वास घ्यायचा, एवढे सगळे उरकायचे असते. त्यासाठी म्यूट आधीच मांड्यांमध्ये धरून ठेवतात. शिवाय हार्मन म्यूट लावला की स्वर चढतो, त्यामुळे सुराची नळी किंचित बाहेर ओढावी लागते आणि म्यूट काढल्यावर ती परत जागेवर आणावी लागते. हे सगळे तो पेन्सिलीने कागदावर खुणा करून ठेवतो.

कानावर हेडफोन चढतो. त्यातून क्लिक ट्रॅक, म्हणजे चित्राच्या लयीशी बांधलेला ठोका येत असतो. शेजाऱ्यांचा सूर ऐकू यावा म्हणून बहुतेक ट्रम्पेटवादक एक कान मोकळा ठेवतात. पण तो मोकळा कप डोक्याशी दाबून ठेवावा लागतो, नाही तर ठोक्याचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि शांत जागी टेक वाया जातो. मग वीस मिनिटे फक्त तंतुवाद्यांची तालीम चालते. तेवढ्यात ट्रम्पेट थंड पडतो आणि थंड वाद्याचा सूर उतरतो, म्हणून वादक नळीतून आवाज न करता उबदार श्वास सोडत राहतो. बाहेरच्या माणसाला तो स्वस्थ बसलेला दिसतो.

तालमीत तो उंच स्वर पूर्ण ताकदीने वाजवत नाही. बरेचदा ती ओळ खालच्या सप्तकात वाजवून फक्त जागा पक्की करतो, कारण ओठांची ताकद मर्यादित असते आणि पाचव्या टेकला तोच स्वर पहिल्याइतकाच ताजा लागायला हवा. मग संचालक म्हणतो, "एकसष्टपासून शेवटचे चार पुन्हा." आता सुरावटीच्या मधूनच, मघाशी होता तितक्याच जोराने आणि त्याच नादात प्रवेश करायचा असतो, म्हणजे दोन्ही टेक जोडता येतील. हे कौशल्य मैफलीत कधीच लागत नाही आणि स्टुडिओत रोज लागते.

ट्रम्पेटचा नाद वाद्याच्या तोंडाच्या अगदी समोर सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून ध्वनिमुद्रक अनेकदा रिबन जातीचा माइक वापरतो, जो वरची तीक्ष्णता मऊ करतो, किंवा माइक थोडा बाजूला ठेवतो. आपण कागदात मान खुपसून वाजवले की वाद्याचे तोंड जमिनीकडे झुकते आणि नाद बदलतो. म्हणून स्टँड किती उंच ठेवायचा यालाही महत्त्व आहे.

पॉपच्या सेशनचा रंग वेगळा असतो. तिथे तीन-चारच वादक असतात आणि कधी कधी कागदही नसतो. मेम्फिसमधल्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वेन जॅक्सन यांचा ट्रम्पेट आणि अँड्रू लव्ह यांचा टेनर सॅक्सोफोन यांनी गायकाचे ऐकून तिथल्या तिथे ओळी रचल्या, आणि पुढे मेम्फिस हॉर्न्स म्हणून ही जोडी जगभर ओळखली गेली. दुसऱ्या टोकाला ट्रम्पेटवादक जेरी हे (Jerry Hey) यांची लॉस एंजेलिसमधली तुकडी होती. 'ऑफ द वॉल' (१९७९) आणि 'थ्रिलर' (१९८२) या मायकेल जॅक्सन यांच्या अल्बममधले ब्रास ऐका. प्रत्येक स्वराची लांबी मोजून कापल्यासारखी आहे. या प्रकारच्या कामात एकदा वाजवलेल्या ओळीवर तीच ओळ पुन्हा वाजवून चढवतात, आणि दुसऱ्या खेपेला स्वर कुठे सुरू झाला याइतकेच तो कुठे संपला हेही तंतोतंत जुळावे लागते. शेपटी केसभर जरी लांबली तरी सगळा घट्टपणा विस्कटतो.

प्रश्न : बीटल्सच्या 'पेनी लेन'मधला ट्रम्पेट मला अतिशय प्रिय आहे, पण तो कोणी वाजवला हे मला फार उशिरा कळले. अशा वादकांना पुढे त्या गाण्याच्या कमाईतला वाटा मिळतो का?

तो ट्रम्पेट डेव्हिड मेसन यांचा. जानेवारी १९६७ मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी दूरचित्रवाणीवर बाख यांचा दुसरा ब्रँडनबर्ग काँचेर्टो पाहिला. त्यातला ट्रम्पेट मेसन वाजवत होते. त्या उंच, झळाळत्या नादाने मॅकार्टनी भारावले आणि मेसन यांना बोलावणे गेले. १७ जानेवारीला ते स्टुडिओत आले तेव्हा त्यांच्यासाठी काहीही लिहून ठेवलेले नव्हते. मॅकार्टनी सुरावट गाऊन दाखवत होते, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन ती कागदावर उतरवत होते आणि मेसन पिकोलो, म्हणजे लहान, उंच पट्टीच्या ट्रम्पेटवर ती वाजवून पाहत होते. त्या कामाचे त्यांना २७ पौंड १० शिलिंग मिळाले. ते उत्तम वाद्यवृंदात वाजवणारे, पुढे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवणारे कलावंत होते. पण जगाच्या स्मरणात ते राहिले ते त्या एका संध्याकाळमुळे.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर देश आणि काळ यांवर अवलंबून आहे. सेशन वादकाला मूळ मोबदला सेशनच्या हिशोबाने, एकदाच मिळतो. गाणे कितीही गाजले तरी गीतकार-संगीतकाराला मिळते तशी रॉयल्टी त्याला मिळत नाही. मात्र वादकांच्या संघटनांनी आणि कायद्याने काही दारे उघडली आहेत. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रण रेडिओवर किंवा सार्वजनिक जागी वाजले की त्यातल्या सेशन वादकांनाही पीपीएल या संस्थेमार्फत वाटा मिळतो. त्यासाठी आपण त्या गाण्यात वाजवले आहे, याची नोंद असावी लागते. अमेरिकेत डिजिटल रेडिओच्या कायदेशीर रकमेतील अडीच टक्के वाटा मुख्य कलाकार नसलेल्या वादकांसाठी राखून ठेवला जातो आणि अडीच टक्के तशाच गायकांसाठी. पण तिथल्या नेहमीच्या रेडिओ केंद्रांवर गाणे वाजले तर वादकांना काहीच मिळत नाही. संघटनेच्या करारानुसार ध्वनिमुद्रित झालेले चित्रपट पुढे दूरचित्रवाणीसारख्या अन्य माध्यमांत विकले गेले, तर त्यातून वादकांसाठी वेगळा निधी जमा होतो आणि जुन्या हॉलिवूड वादकांच्या घरात या धनादेशांचा मोठा आधार असतो.

युरोपात ध्वनिमुद्रणांच्या संरक्षणाची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली गेली तेव्हा एक चांगली तरतूद झाली. ज्या वादकांनी एकरकमी मोबदला घेऊन आपले हक्क देऊन टाकले होते, त्यांच्यासाठी वाढीव वर्षांत कंपनीने त्या ध्वनिमुद्रणाच्या विशिष्ट उत्पन्नातील २० टक्के रक्कम बाजूला काढायची असते. अर्धे शतक उशिराने का होईना, हा न्याय झाला असे मला वाटते. तरुण वादकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, प्रत्येक सेशनची तारीख, स्टुडिओ, गाण्याचे नाव, मुख्य कलाकार आणि कॉन्ट्रॅक्टरचे नाव त्याच दिवशी वहीत लिहा. गाण्याचे नाव पुढे बदलते, कागद गहाळ होतात आणि वीस वर्षांनी आपला हक्क सिद्ध करायला हाताशी एवढी वहीच असते.

प्रश्न : माझी मुलगी दिवसाकाठी चार-पाच तास ट्रम्पेट वाजवते. ओठ सुजतात, पण ती थांबत नाही. हा व्यवसाय करणाऱ्यांचे ओठ किती वर्षे टिकतात? कानांचे काय?

सुजलेल्या ओठांनी वाजवत राहणे आजच थांबले पाहिजे. ट्रम्पेटचा स्वर ओठांच्या कंपनातून निर्माण होतो आणि तोंडाभोवतीचा स्नायू तो ताण सांभाळतो. थकवा आला की वादक नकळत माउथपीस ओठांवर अधिक दाबू लागतो. त्याने तेवढ्यापुरता उंच स्वर निघतो, पण रक्तप्रवाह अडतो, सूज वाढते आणि पुढच्या खेपेला अजून दाबावे लागते. हा दाब वर्षानुवर्षे चालू राहिला तर तो स्नायू फाटूही शकतो. जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ओठांनी आयुष्यभर त्रास दिला आणि या दुखापतीला त्यांच्याच टोपणनावावरून नाव पडले आहे. दुसरा धोका फोकल डिस्टोनियाचा. त्यात वेदना नसते, पण ओठांवरचे सूक्ष्म नियंत्रण हळूहळू सुटत जाते आणि अनेकांचे वादन तिथेच थांबते.

जितका वेळ वाजवले तितकीच विश्रांती, हा जुन्या शिक्षकांचा नियम तुमच्या मुलीने पाळावा. चार तासांचा सराव करायचाच असेल तर त्याचे लहान तुकडे करावेत आणि विश्रांतीत नोटेशन वाचावे, बोटांच्या हालचाली मुक्याने कराव्यात, ध्वनिमुद्रणे ऐकावीत. सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही, बधिरपणा आला किंवा स्वर एका बाजूने निसटू लागला, तर वादकांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा. दातांना तारा लावायच्या असतील तर आधी शिक्षकांशी बोला. आणि फार उंच स्वर दीर्घकाळ फुंकताना डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ती धिटाईची खूण मानू नये, श्वास कोंडला जात असल्याचे ते लक्षण आहे.

कानांची काळजी तर पहिल्या दिवसापासून घ्यावी. कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत, ही सर्वसाधारण शिफारस आहे, आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते आणि ट्रम्पेटच्या रांगेत बसल्यावर तितका आवाज सहज होतो. वादकांसाठी खास बनवलेली, सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी करणारी कानातली बोंडे मिळतात, ती तिने सरावातही वापरावीत. ओठ किती वर्षे टिकतात, हे ते कसे वापरले यावर आहे : मर्फी ७२ व्या वर्षापर्यंत लंडन सिम्फनीत वाजवत होते आणि वॉटकिन्स यांनी बाँडच्या पहिल्या आणि शेवटच्या सेशनमध्ये ५० वर्षांचे अंतर पाडले.

प्रश्न : आता संगणकावर हुबेहूब ब्रासचा आवाज निघतो आणि कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. मग या व्यवसायात नव्याने येण्यात काही अर्थ उरला आहे का?

ही भीती नवी नाही आणि निराधारही नाही. १९८२ मध्ये ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी आणण्याचा ठराव मांडला होता आणि पुढच्याच वर्षी यामाहा डीएक्स७ हा सिंथेसायझर बाजारात आला. त्या दशकातल्या असंख्य गाण्यांतली ब्रासची जागा त्या जातीच्या वाद्यांनी घेतली आणि अनेक वादकांची कामे खरोखरच गेली. जाहिराती, दूरचित्रवाणीवरच्या मालिका आणि पार्श्वभूमीला वाजणारे संगीत यांतला मोठा भाग कायमचा गेला, तो परत येणार नाही. याशिवाय बरेच चित्रपट आता जिथे खर्च कमी पडतो, अशा बुडापेस्ट, प्राग किंवा व्हिएन्नासारख्या शहरांत ध्वनिमुद्रित होतात. ब्रास आणि तंतुवाद्ये वेगवेगळी मुद्रित करण्याची रीतही रूढ झाली आहे, त्यामुळे खोलीत एकत्र वाजवण्याचे प्रसंग कमी झाले.

तरीही जिथे ट्रम्पेट उघडपणे पुढे येतो, तिथे अजून माणूस लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, स्वर फुटता फुटता सावरणे, वाढत्या जोराबरोबर नादाचा रंग उजळत जाणे, या गोष्टी साठवलेल्या नमुन्यांतून जोडताना शिवण दिसते. निर्मात्यांच्या खिशाचा विचार केला तर मधले, साधे काम यंत्राकडे जाईल आणि अवघड, व्यक्तिमत्त्व मागणारे काम माणसाकडे राहील, असे मला दिसते. याचा अर्थ प्रवेशाची पायरी उंच झाली आहे. पूर्वी तरुण वादक ज्या साध्या कामांवर घडत होते, ती कामेच आता उरलेली नाहीत, आणि या नुकसानीविषयी पुरेसे बोलले जात नाही.

संघटनांनी हालचाल केली आहे. २०२४ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने मोठ्या चित्रपट निर्मात्यांशी केलेल्या करारात कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संरक्षणाची कलमे आली. वैयक्तिक पातळीवर एवढे करा : तुमच्या नादाचे नमुने मुद्रित करण्याचे काम आले, तर ते कशासाठी, किती काळ आणि कोणत्या यंत्राला शिकवण्यासाठी वापरले जाणार, हे लेखी असल्याशिवाय वाजवू नका. एका दिवसाचा मोबदला घेऊन पुढच्या अनेक वर्षांची आपलीच कामे देऊन टाकण्याचा तो व्यवहार ठरू शकतो.

प्रश्न : सेशनच्या कामासाठी किती आणि कोणते ट्रम्पेट घ्यावेत?

सुरुवातीला एक उत्तम बी-फ्लॅट ट्रम्पेट आणि एक फ्लूगलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटसारखेच पण मऊ नादाचे वाद्य. पॉपमध्ये आणि चित्रपटांतल्या हळुवार प्रसंगांत फ्लूगलहॉर्न सारखा मागितला जातो. नंतर सी ट्रम्पेट आणि सर्वांत शेवटी पिकोलो. स्ट्रेट, कप, हार्मन आणि प्लंजर हे म्यूट मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. तीन पडद्यांच्या (व्हॉल्व्हच्या) रचनेमुळे पहिला आणि तिसरा पडदा एकत्र दाबला की स्वर चढा लागतो. तो तिसऱ्या पडद्याची नळी बोटाने ढकलून उतरवावा लागतो, म्हणून विकत घेताना ती नळी अगदी सहज सरकते का, हे जरूर पाहा.

प्रश्न : मी ४५ वर्षांचा असून पूर्वी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असे. आता पुन्हा सराव सुरू केला आहे. या वयात सेशन वादक होता येईल का?

पूर्णवेळ उपजीविका म्हणून होईल, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. ही कामे ज्या ओळखींतून येतात, त्या विशीत आणि तिशीत जुळतात आणि ओठांची गेलेली ताकद परत यायला बराच काळ लागतो. पण तुमचा नाद चांगला असेल, तर स्वतंत्र गाणी करणाऱ्या तरुण संगीतकारांना घरून ट्रम्पेट मुद्रित करून देणारे वादक हवे असतात आणि तिथे तुमचे वय कोणी विचारत नाही.

प्रश्न : घरी ट्रम्पेट मुद्रित करून पाठवण्याचे काम मला मिळू लागले आहे. पाठवलेल्या फायलींबाबत दोनदा तक्रार आली. काय काळजी घ्यावी?

तक्रार नेमकी काय होती हे तुम्ही लिहिलेले नाही, पण अशा कामात बहुतेक तक्रारी वादनाच्या नसतातच. खोलीचा प्रतिध्वनी हे पहिले कारण असते. ट्रम्पेटचा आवाज समोरच्या उघड्या भिंतीवर आपटून लगेच माइकमध्ये परत येतो, म्हणून समोर आणि माइकच्या मागे जाड गोधड्या टांगा आणि माइकपासून हातभर तरी दूर उभे राहा. मुद्रणाची पातळी सर्वांत जोरकस स्वर वाजवून ठरवा आणि त्याहून थोडी खालीच ठेवा, कारण ट्रम्पेटच्या सुरुवातीचा ठोसा दिसतो त्याहून मोठा असतो आणि एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, २४ बिटमध्ये द्या आणि सॅम्पल रेट समोरच्याला विचारून घ्या. चित्रपटाच्या कामात तो बहुधा ४८ किलोहर्ट्झ असतो. तुमचा ट्रम्पेट गाण्याच्या मध्यावर सुरू होत असला तरी प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी आरंभापासून सुरू करा, म्हणजे ती समोरच्याला ओढून-ताणून बसवावी लागत नाही. प्रतिध्वनीचा किंवा अन्य कोणताही परिणाम चढवू नका, कोरा आवाज पाठवा. दोन-तीन वेगवेगळे टेक द्या, पण त्यांतला तुम्हाला कोणता योग्य वाटतो, ते स्पष्ट लिहा. आणि दुरुस्त्या किती वेळा मोफत करून द्याल आणि त्यानंतर किती आकाराल, हे पहिला स्वर वाजवण्याआधी लेखी ठरवून घ्या.